वजीरभाईंचं एकशे बेचाळीस

काळेवाडीच्या रस्त्याला भंगाराची सहा दुकानं होती आणि त्यातले पाच दुकानदार आपल्या काट्याची शपथ घेत. सहावे वजीर मुलाणी. ते शपथेच्या भानगडीत पडत नसत. सकाळी दुकान उघडलं की चपला काढून ते स्वतःच काट्यावर चढत.

ही रीत मंजुळाबाईंमुळे पडली. मंजुळाबाई कंपन्यांच्या कंपाउंडाबाहेर पडलेलं लोखंड वेचून आणत आणि वजीरभाईंना घालत. बहात्तर साली त्यांनी भर दुकानात सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं, कानाशी हलवून बघितलं आणि जाहीर केलं, "ह्यात शिसं वतलंय. ह्या वजनावर काटा लावला तर आमचा माल कमीच भरणार." वीस किलो कानाशी धरणाऱ्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. वजीरभाई एवढंच म्हणाले, "माणसात तर शिसं वतता येत न्हाई? मग मला मोजा." दुसऱ्या दिवशी ते मंजुळाबाईंना आणि आणखी दोघांना घेऊन पुण्याच्या भुसार बाजारात गेले आणि धान्याच्या मोठ्या काट्यावर उभे राहिले. एकशे बेचाळीस किलो भरले. तिन्ही साक्षीदारांनी दांडी डोळ्यांनी बघितली.

तेव्हापासून सात वर्षं हाच कार्यक्रम. दुकानाच्या तोंडाशी जमिनीत बसवलेला फळीकाटा. लोखंडी फळी, तिच्या मागं खांब, खांबावर दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. वजीरभाई फळीवर उभे राहत ते खांबाकडे पाठ आणि माल घेऊन आलेल्या माणसांकडे तोंड करून, बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवऱ्यासारखे. मागं कोंडाजी दांडीवरचं वजन एकशे बेचाळीसवर नेऊन ठेवी, दांडी अडवणारी खिट्टी काढी आणि दांडी अधांतरी सरळ तरंगली की ओरडे, "एकशे बेचाळीस! काटा खरा!" मग रांग सुरू. मधल्या काळात दुष्काळ येऊन गेला, आणीबाणी येऊन गेली, दिल्लीत सरकार बदललं. वजीरभाई तसूभर हलले नाहीत. पिंपळे गुरवहून माणसं नदी ओलांडून, वाटेतली दोन दुकानं टाळून त्यांच्याकडे येत. म्हणत, "वजिराचा काटा खोटा कसा असंल? तो सोताच काटा हाय."

कोंडाजी मूळचा महाळुंग्याचा. वजीरभाईही तिथलेच. दोघं एकाच वर्षी गाव सोडून इकडे आले. एकाकडे थोडं भांडवल होतं म्हणून तो मालक झाला आणि दुसऱ्याकडे नव्हतं म्हणून तो कोंडाजी राहिला. त्याला अक्षरओळख नव्हती, पण दांडीवरचे आकडे त्याला पाठ होते आणि मालकाचा आकडा तर त्याला देवाच्या नावासारखा होता.

एकशे बेचाळीस किलोंचा उपयोग दुकानाला असला तरी ते वागवणं सोपं नव्हतं. गेली दोन वर्षं वजीरभाईंना आडवं झोपता येत नव्हतं. पाठ टेकली की श्वास कोंडे. ते वेताच्या खुर्चीत बसून झोपत, आणि तीच झोप दिवसा हिशेब चुकता करायला येई. एकदा ट्रक मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला "येऊ दे, येऊ दे" म्हणता म्हणता त्यांना डुलकी लागली आणि ट्रक येतच राहिला. पुढची भिंत नवी बांधावी लागली. त्यांचे मेहुणे इकबाल पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीच्या डॉक्टरांच्या ओळखीनं त्यांनी पुण्यातल्या एका सर्जनकडे वजीरभाईंना नेलं. डॉक्टर सुरेंद्र नाडगौडा विलायतेहून नवीन ऑपरेशन शिकून आले होते. आतड्याचा बराचसा भाग वगळून वरचं टोक खालच्या टोकाला जोडायचं. खाल्लेलं अंगी लागायच्या आत बाहेर.

"म्हणजे मेन लाइन बंद करून बायपास मारायचा, राव," इकबालनी घरी समजावलं. "पाइप काढत नाहीत. आत तसाच राहतो. नाही जमलं तर परत जोडता येतो."

"फिटरसारखं बोलू नकोस," रोशनबी म्हणाल्या. त्या म्हणजे वजीरभाईंची बायको आणि इकबालची मोठी बहीण. "माणसाचं पोट आहे ते."

वजीरभाई तयार झाले, पण एका अटीवर. बाहेर कुणाला सांगायचं नाही. ज्या वस्तीत माणसं फुकटात बारीक होत होती तिथे पैसे मोजून बारीक होणं त्यांना लाजिरवाणं वाटलं. दुकानात सांगितलं, अंतर्गळाचं ऑपरेशन आहे. कोंडाजीनंही तेच ऐकलं आणि खंडोबाला नारळ बोलला.

हॉस्पिटलात पहिलीच अडचण वजनाची आली. तिथला काटा शंभराच्या पुढे मुका होता. डॉक्टरांनी विचारलं, वजन कुठे करून आणाल? वजीरभाई म्हणाले, "घरचंच दुकान हाय." आणि दुसऱ्या दिवशी छापील पावती घेऊन आले. मालाचा प्रकार या रकान्यात लिहिलं होतं 'स्वतः', वजनाच्या रकान्यात १४२. डॉक्टरांनी ती हसून फाइलला लावली. दर तीन आठवड्यांनी अशीच पावती आणा म्हणाले.

ऑपरेशन एकोणऐंशीच्या जानेवारीत झालं. पंधरा दिवसांनी वजीरभाई घरी आले. पोटावर टाके, हातात पथ्याचा कागद. पातळ पेज, अर्धी वाटी मऊ भात, ताक, आणि तेलतुपाला हात नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पेजेची वाटी बघून विचारलं, "हे पक्ष्याला ठेवलंय का?" आणि चार चमच्यांत त्यांचं पोट भरलं. ते चार चमचेही पोटात राहायला तयार नव्हते. दिवसातून सात-आठ वेळा टमरेल घेऊन परसाकडे धावायचं. धावायचं म्हणजे चालायचं, कारण गुडघ्यांत ताकद नव्हती. मी तेव्हा दुकानाच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहत असे. त्या टमरेलाचा आवाज आमच्या गल्लीत घड्याळाच्या टोल्यांसारखा झाला होता.

तिसऱ्या दिवशी ते हट्टानं दुकानात आले आणि काट्यावर चढले. पंधरा दिवस काटा तपासला नव्हता, त्यामुळे माल आणणारी मंडळी जरा संशयातच होती. कोंडाजीनं वजन एकशे बेचाळीसवर सरकवलं, खिट्टी काढली. दांडी तरंगली नाही, खाली बसली. त्यानं वजन मागं मागं घेतलं तेव्हा एकशे चौतीसला दांडी सरळ झाली.

आता कोंडाजीनं काय करावं? समोर वीस माणसं. "एकशे चौतीस" म्हटलं असतं तर त्या विसांनी पोती उचलून पलीकडच्या दुकानाची वाट धरली असती, कारण जो काटा मालकाला आठ किलो कमी दाखवतो तो गरिबाला काय दाखवेल? मालक बारीक झाले असतील हा विचार त्याच्या मनात आला, असं त्यानं पुढं कबूल केलं. पण लगेच गेलाही. तोंड उतरलं होतं खरं, पण अंतर्गळ म्हणजे पोटाबाहेर आलेलं आत घालायचं, त्यात वजन कुठे जातंय? त्यापेक्षा पंधरा दिवस कुणी विचारलं नाही म्हणून काटाच रुसला असेल. तो मालकाच्या पाठीमागंच होता. पायाशी लोखंडाची एक पट्टी पडली होती. ती त्यानं फळीच्या बाजूच्या फटीतून आत सारली आणि आतल्या हुकाला अडकवली, तिच्यावर एक जुना गिअर ठेवला. दांडी उचलली.

"एकशे बेचाळीस! काटा खरा!"

माल आणणाऱ्यांनी निःश्वास सोडला. वजीरभाईंचा मात्र चेहरा पडला.

तरी त्यांनी मनाला समजावलं, आत्ताशी सुरुवात आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकशे बेचाळीस. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. कोंडाजी दर दोन-चार दिवसांनी फळीच्या पोटात एखादा तुकडा वाढवत होता, आणि वजीरभाई दर दोन-चार दिवसांनी एक चमचा पेज कमी करत होते.

"अहो, उतरलात तुम्ही," रोशनबी म्हणत. "लुंगीला बघा, किती वेढा जास्त बसतोय."

"कपडा धुऊन सैल होतो."

"कपडा धुऊन आटतो!"

"रोशन, वीस वर्षं झाली ह्या धंद्यात. माणूस पोतं आणतो, म्हणतो साठ किलो हाय. डोळ्याला साठच दिसतं. काट्यावर पंचेचाळीस भरतं. डोळ्याचं ऐकलं असतं तर मी कधीच बसलो असतो. काटा काय म्हणतो ते सांग."

काटा एकशे बेचाळीस म्हणत होता.

यात आणखी एक गोष्ट झाली. वजीरभाईंना मालाचा अंदाज फार पक्का होता. पोतं हातगाडीवरून उतरतानाच ते आकडा सांगत आणि काटा एक-दीड किलोच्या आत त्यांच्या मागून येई. माणसं त्यावर पैजा लावत. ऑपरेशननंतर ते खुर्चीत बसून म्हणायचे, "तीस," आणि कोंडाजी काट्यावरून ओरडायचा, "चव्वेचाळीस!" ते म्हणायचे, "पन्नास," आणि काटा म्हणायचा, "पासष्ट!" कोंडाजीला दांडी वाचता येत होती, अंदाज करता येत नव्हता, त्यानं दिसलं ते ओरडायचं. पहिल्यांदा वजीरभाई हसले. मग त्यांनी अंदाज सांगणंच सोडून दिलं.

"इकबाल," एक दिवस ते म्हणाले, "त्या डॉक्टरानं आतडं सोडून दुसरंच काहीतरी कापलंय. माझी नजर गेली."

"नजर डोक्यात असते, भाईजान. त्यांनी पोट उघडलं होतं."

"तुला काय कळतंय. चरबी काढायला गेले आन अक्कल काढून आले. चरबी हाय तिथंच हाय."

दुकानात मात्र गर्दी वाढली होती. चिखली, थेरगाव, कुठूनकुठून पोती येऊ लागली. विशेष म्हणजे पोती लहान झाली होती. मंजुळाबाई पूर्वी एक मोठं पोतं आणत, आता त्याची तीन करून आणू लागल्या. कोंडाजीनं विचारलं तर म्हणाल्या, "कंबर धरलीय रं, मोठं उचलत न्हाई." आणि रांगेतल्या दोघांना मागं सारून तिसरं पोतं स्वतःच काट्यावर टाकलं.

सहाव्या आठवड्याला वजीरभाई पावती घेऊन डॉक्टरांसमोर बसले. तिसऱ्या आठवड्याची पावती फाइलला होतीच. १४२, १४२, १४२. डॉक्टर नाडगौडांनी चष्मा काढला, त्यांच्याकडे बघितलं, चष्मा लावला, पावतीकडे बघितलं.

"दिसायला तर कमी दिसताय तुम्ही."

"दिसण्यावर काय जातं, डॉक्टरसाहेब."

"खाता काय?"

"तुम्ही लिहिलं ते. त्यातलं निम्मं."

"आणि कागदाच्या बाहेरचं?"

इकबाल सांगतात, वजीरभाईंनी खिशातून पथ्याचा कागद काढून डॉक्टरांपुढं ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या वाटीवर दीड महिना काढलेल्या माणसाला चोरून खातोस म्हणणं म्हणजे काय, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नसावं. डॉक्टर पुढं म्हणाले, जुलाब इतके आणि वजन तेवढंच, हे त्यांच्या पुस्तकात बसत नाही. आत काही पाणी साठत असेल तर तेही चांगलं नाही. आणखी दोन आठवडे बघू. फरक नसेल तर पोट पुन्हा उघडून आतडं पूर्ववत जोडावं लागेल.

बाहेर येऊन वजीरभाईंनी इकबालना सांगितलं, "दोन आठवडे कशाला? त्रास सगळा झाला, फायदा शून्य. काढून टाकू दे त्यांचा बायपास." तरी डॉक्टरांचा शब्द म्हणून त्यांनी दोन आठवडे काढले. आकडा हलला नाही. सोमवारी दाखल व्हायचं ठरलं, खाट सांगून ठेवली.

शनिवारी सकाळी दुकानापुढं रांग लागलेली असताना मागच्या घरातून रोशनबी बाहेर आल्या. एरवी त्या माल आणणाऱ्यांसमोर येत नसत. वजीरभाई नुकतेच काट्यावर उभे राहिले होते.

"मी नाही येणार सोमवारी," त्या म्हणाल्या.

"अगं, हळू—"

"का हळू? एकदा पोट फाडलं तेव्हा पंधरा दिवस खाटेखाली झोपले मी. आता शिवलेलं उसवायला निघालात, तर एकटे जा."

"लोकं हायेत समोर."

"असू देत! त्यांनाही कळू दे. अंतर्गळ म्हणे! बारीक व्हायला पोट कापून घेतलंय ह्यांनी. आणि झालेत बारीक, आंधळ्यालाही दिसतंय. पण ह्यांना काटा सांगतो तेच खरं. बायको खोटी, लुंगी खोटी, काटा खरा!"

पहिल्यांदा मंजुळाबाई बोलल्या.

"पैसं देऊन बारीक? अवं वजीरभाई, माझ्या घरी म्हैनाभर ऱ्हायला आला असता, तर फुकट झाला असता की."

माणसं हसली. वजीरभाईही हसले असते. पण मागून "एकशे बेचाळीस"ची आरोळी अजून का येत नाही म्हणून त्यांनी मान वळवली. कोंडाजी खांबाला धरून खाली बसला होता.

"काय झालं रे?"

"मालक," कोंडाजी म्हणाला, "तुमास्नी बारीक व्हायचं व्हतं?"

"मग काय हौस म्हणून कापून घेतलं?"

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुला सांगून काय तू कमी करणार होतास?"

कोंडाजी फळीच्या बाजूला उताणा झाला, फटीत हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागला. पट्टी. गिअर. सायकलचं पेडल, दोन लांब बोल्ट, लोखंड आवळून धरणाऱ्या तुटक्या वाइसचा जबडा. काढलेली प्रत्येक वस्तू तो ओळीत मांडत होता. "ही पयल्या दिवसाची. ही आमुशेची. हा तुमी दवाखान्यात जाऊन आलात त्याच्या दुसऱ्या दिसाचा..."

"हे काय हाय, कोंडाजी?"

"तुमचं वजन, मालक."

वजीरभाई फळीवरून उतरले. मग पुन्हा चढले, आणि या वेळी खांबाकडे तोंड करून. वजन त्यांनी स्वतःच्या बोटानं सरकवलं. एकशे बेचाळीसला दांडी पडली, एकशे तीसला पडली. एकशे चोवीसला ती हलकेच उठली आणि मधोमध थांबली. त्यांनी फुंकर मारून बघितली. पुन्हा तिथंच आली.

रोशनबींना वाटलं ते आता आनंदानं रडतील. माल आणणाऱ्यांना वाटलं, कोंडाजीला मारतील. वजीरभाई गर्रकन वळून म्हणाले, "म्हणजे मागच्या महिन्यातलं ते गोणपाटाचं पोतं. मी तीस म्हटलं होतं. ते तीसच होतं?"

"आसंल," कोंडाजी म्हणाला.

"तीस न्हाई," मंजुळाबाई रांगेतून म्हणाल्या, "एकोणतीस."

आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी पदर तोंडाला लावला. वजीरभाई मात्र दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. टाक्यांवर हात दाबून हसले. अक्कल शाबूत होती.

कोंडाजीला त्यांनी काढलं नाही. शिव्या दिल्या, त्याही बसून, कारण उभं राहून द्यायला अंगात जोर नव्हता. "अरे, निदान मला तरी कानात सांगायचंस, काटा बिघडलाय म्हणून."

"तुमी बिघडलाय आसं मी कसं सांगू?" कोंडाजी म्हणाला. "तुमी पयलंच आजारी."

दुसऱ्या दिवसापासून काट्यावर कोंडाजी उभा राहू लागला. सत्तेचाळीस किलो, कायमचे. माणसं म्हणाली, एवढ्याशा माणसावर एवढा काटा काय पारखला जाणार? लांबून येणारी पोती आठवड्याभरात बंद झाली. जवळची आली, पण कुरकुरत.

ठरलेल्या त्या सोमवारी इकबाल रिक्षा घेऊन आले. खाट सांगितलेली होती, म्हणून जाऊन सांगायला हवं होतं. वजीरभाईंनी नवी पावती बरोबर घेतली. डॉक्टर नाडगौडांनी ती वाचली आणि सगळी हकीकत ऐकली. शेवटी त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो पहिल्या पावतीला विचारायला हवा होता.

"आता ही खरी कशावरून?"

वजीरभाई म्हणाले, "खरं हाय तुमचं. मला पण तीच शंका येते."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. मग शेजारच्या वॉर्डातून दुसरा वजनकाटा मागवला, दोन्ही काटे एकमेकांशेजारी मांडले आणि वजीरभाईंना एक पाय ह्याच्यावर, एक पाय त्याच्यावर ठेवायला लावला. उजवा बासष्ट, डावा एकसष्ट. हे आधी का सुचलं नाही ते न सांगता डॉक्टरांनी बेरीज केली.

"एकशे तेवीस," ते म्हणाले. "उत्तम. आता खाटेचं काय करू? जोडायचं का परत?"

वजीरभाईंनी ताबडतोब नाही म्हटलं नाही. याचं इकबालना नवल वाटलं. वजन उतरलं हे कळलं तरी गुडघ्यातला जोर परत आला नव्हता. कंगव्यात केसांचा पुंजका येत होता. परवा रोशनबींनी चमचाभर तुपाची फोडणी दिली, तर दुपारभर त्यांना परसाकडेच बसावं लागलं होतं. हे सगळं त्यांनी डॉक्टरांना एकेक करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, केस येतील. जोर येईल, पण हळू. जुलाब कमी होतील, पण जाणार नाहीत.

"कधीच?"

"पूर्ण असे कधीच नाही."

"आन आडवं झोपणं?"

"ते तुम्हीच सांगा."

"गेल्या शुक्रवारपासून झोपतो," वजीरभाई म्हणाले. "पण मला वाटलं, अशक्तपणामुळं असंल."

डॉक्टरांनी फाइल मिटली. महिन्यानं या म्हणाले.

परत येताना रिक्षा दोनदा थांबवावी लागली. एकदा खडकीला, एकदा कासारवाडीला. दुसऱ्यांदा वजीरभाई येऊन बसले तेव्हा घामानं निथळत होते. इकबालनी रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं.

"भाईजान, अजून वेळ गेलेली नाही. मागं फिरायचं तर फिरू. खाट अजून दुसऱ्या कुणाला दिली नसेल."

वजीरभाईंनी लुंगीचं टोक सारखं केलं, रुमालानं कपाळ पुसलं.

"चल," ते म्हणाले. "महिनाभर बघू."